पाण्याचा अंदाज न आल्याने…

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की, आणि पुन्हा विसर्जनाच्या दिवसांत, आपल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य नेमाने छापून येते: ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.’ गावाचे नाव बदलते, मुलांची वये बदलतात. वाक्य तेच राहते. मथळा द्यायचा झाला तर ‘पोहण्याचा मोह जिवावर बेतला’ असा दिला जातो. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

परीक्षण एरवी पुस्तकाचे किंवा पाठाचे करतात. मी येथे या एका वाक्याचे करणार आहे. वाक्य खोटे नाही. पण ते जिथे संपते तिथून विज्ञानशिक्षकाचे काम सुरू होते. अंदाज आला नाही हे खरे; तो यावा अशी काही तजवीज आपण केली होती काय?

हा प्रश्न मला पडला तो मौद्याला. नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हानच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. तालुका धानाचा. पेंच प्रकल्पाचे कालवे त्यातून गेलेले, जुने मालगुजारी तलाव, शेतांतल्या विहिरी आणि रेतीसाठी नावाजलेली नदी. तेथील काही शिक्षकांशी ‘उत्प्लावक बल कसे शिकवावे’ या विषयावर बोलायला गेलो होतो. बोलता बोलता विचारले, ‘आपल्यापैकी पोहता कोणाकोणाला येते?’ चार-पाच हात वर झाले. ‘आणि आर्किमिडीजचे तत्त्व?’ सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मागे बसलेले एक गुरुजी म्हणाले, ‘सर, आमच्या शाळेतला एक पोरगा नदीत गेला. तत्त्व त्याला पाठ होते.’

त्यानंतर ठरवून आणलेले व्याख्यान मला नीट देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर.

मोह की अज्ञान?

प्रथम ‘मोह’ या शब्दाचा विचार करू. विदर्भातल्याच काही घटना आठवा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ तरुण बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कामठीजवळ, म्हणजे मौद्याच्याच कन्हान नदीत, यवतमाळ जिल्ह्यातून आलेले पाच तरुण एकाच वेळी गेले. त्याच महिन्यात अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. ही मंडळी घरच्या मृत्यूनंतरच्या विधीसाठी आली होती. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव बुडून मिरची तोडायला निघालेल्या सहा मजूर स्त्रिया गेल्या. मजुरीला निघालेल्या बाईला कसला मोह? मोह म्हटले की दोष मरणाऱ्याचा ठरतो आणि बाकीचे सगळे मोकळे होतात.

हा प्रश्न लहानसहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार देशात बुडून मरणाऱ्यांची संख्या वर्षाला ३५ हजारांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२१ सालचा जगाचा आकडा सुमारे ३ लाख दिला आहे, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. एखाद्या रोगाने एवढी मुले दगावत असती तर त्या रोगावर पाठ्यपुस्तकात एक धडा नक्की असता.

‘अंदाज’ हा शब्द मात्र मला मोलाचा वाटतो. अंदाज म्हणजे अटकळ. आणि अटकळ बांधण्याचे शास्त्र शिकवणे हे तर विज्ञानाच्या तासाचे मुख्य काम. पाण्याचे निदान तीन अंदाज शाळेत शिकवता येतील: खोलीचा, ओढीचा आणि आपल्या स्वतःच्या अंगाचा.

खोलीचा अंदाज

वाटीत नाणे ठेवायचे, ते दिसेनासे होईल इतके मागे सरकायचे आणि कोणीतरी वाटीत पाणी ओतले की नाणे पुन्हा दिसू लागते. प्रकाशाच्या अपवर्तनाचा हा प्रयोग आपण सगळेच करतो आणि ‘नाणे वर उचलल्यासारखे भासते’ असे वहीत लिहवून घेतो. पण या प्रयोगातले पुढचे वाक्य क्वचितच फळ्यावर येते: वाटीत जे नाण्याचे होते तेच नदीत तळाचे होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. त्यामुळे सरळ वरून पाहिले तर चार फूट खोल पाणी तीन फुटांचे दिसते, आणि काठावरून तिरके पाहिले तर त्याहूनही उथळ. पोराच्या छातीएवढे दिसणारे नितळ पाणी प्रत्यक्षात त्याच्या नाकाच्या वर असू शकते. म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवून केलेला अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकतो आणि ती बाजू धोक्याची आहे. नदीकाठच्या शाळेत अपवर्तनाच्या प्रकरणातले पहिले उदाहरण हे असायला हवे; पेन्सिल वाकडी दिसणे दुसरे.

कन्हानसारख्या रेतीच्या नदीत आणखी एक गोष्ट असते. रेती उपसली की पात्रात खड्डे पडतात आणि पाणी आले की ते झाकले जातात. सैल रेतीचा उतार साधारण तीस अंशांवर टिकतो. तीस अंशांच्या उतारावर पावणेदोन मीटर पुढे गेले की खोली सुमारे एक मीटरने वाढते. म्हणजे कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला मुलगा तीन पावलांत डोक्यावर पाणी असलेल्या जागी पोचतो, आणि परत फिरताना पायाखालची रेती घसरते. ‘काल इथे पाणी कमी होते’ या अनुभवाला अशा नदीत किंमत नसते. कारण तळ कालचा नसतो. शाळेच्या मैदानात रेतीचा ढीग करून कोनमापकाने त्याचा उतार मोजणे हा सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमणारा प्रयोग आहे.

ओढीचा अंदाज

वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. हे सूत्र शाळेत नसले तरी त्याचा अर्थ सांगता येतो. मांडीपर्यंतच्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या दोन्ही पायांवर, पाणी सेकंदाला एक मीटर वाहत असेल तर, ढोबळमानाने सहा-सात किलो वजनाएवढा रेटा येतो. पाणी सेकंदाला दोन मीटर वाहू लागले की तोच रेटा पंचवीस-अठ्ठावीस किलोंवर जातो. शिवाय बुडालेल्या भागावर उत्प्लावक बल काम करत असल्याने मुलाचे पायांवर पडणारे वजन कमी झालेले असते आणि तळाशी होणारे घर्षणही. म्हणून डोळ्याला ‘थोडी वाढलेली’ वाटणारी धार पाय उचलून नेते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठाने दहा मीटर अंतर मोजावे, पाण्यात वाळकी काडी टाकावी आणि सेकंद मोजावेत. दहा सेकंद लागले तर वेग एक मीटर. पाच लागले तर दोन. नदीत पाऊल न टाकता, काठापासून सुरक्षित अंतरावर, शिक्षकांच्या देखत करायचा हा प्रयोग आहे. काठ उतरता असेल तर तो पुलावरून पाहावा.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस धरणांचे दरवाजे उघडल्यावर कन्हान आणि वैनगंगेला आलेला पूर मौदा, कामठी, कुही भागाने पाहिला आहे. त्या वेळी आपल्या गावात फारसा पाऊस नसला तरी नदी वाढू शकते, कारण पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. ‘ऊन आहे, म्हणजे नदी शांत आहे’ ही आणखी एक चुकीची अटकळ. भूगोलाच्या तासाला कन्हानचे आणि पेंचचे खोरे नकाशावर रंगवून घेताना हे सांगितले तर नकाशा कामी येतो. कालव्यांचे वेगळेच. त्यांच्या अस्तर केलेल्या बाजू गुळगुळीत व उतरत्या असतात. आत पडलेल्याला धरायला काही सापडत नाही आणि उत्तम पोहणाराही दमतो.

आपल्या अंगाचा अंदाज

आता आर्किमिडीजकडे येऊ. २०१८ साली आलेल्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘बल व दाब’ या पाठात उत्प्लावक बल आहे. पाठाची मांडणी नेटकी आहे. तक्रार आहे ती आपण तो शिकवतो त्या पद्धतीबद्दल. लोखंडी ठोकळा, बर्फ, जहाज, पाणबुडी, दुग्धतामापी यांच्याभोवती आपला तास फिरतो. दंतकथा मात्र सांगतो ती अशी, की आर्किमिडीज स्वतः हौदात उतरला आणि त्याला तत्त्व सुचले. ज्या तत्त्वाची गोष्ट माणसाच्या अंगापासून सुरू होते, त्या तत्त्वात माणसाचे अंग आपण एकदाही घालून पाहत नाही.

एकदा पाहू. चाळीस किलो वजनाचा तेरा वर्षांचा मुलगा घ्या. छाती भरून श्वास घेतला की त्याचे आकारमान साधारण ४१ लीटर होते. नदीच्या गोड्या पाण्याची घनता लीटरला एक किलो धरली तर तो पूर्ण बुडाल्यावर ४१ किलो पाणी बाजूला सारतो. वजन ४० किलो, उत्प्लावक बल ४१ किलो वजनाएवढे. शिल्लक एक किलो. श्वास सोडला की आकारमान ३९ लीटरांच्या आसपास येते आणि शिल्लक जाऊन सुमारे एक किलोची तूट येते. हे आकडे प्रत्येकाच्या अंगलटीप्रमाणे थोडे बदलतील. सडपातळ मुलाची शिल्लक कमी, थोडी चरबी असलेल्याची जास्त. पण हिशेबाचे स्वरूप तेच.

म्हणजे निसर्गाने प्रत्येकाला एका किलोची पुंजी दिली आहे. तेवढा, साधारण एक लीटरचा, शरीराचा भाग पाण्याबाहेर राहू शकतो. कोणता भाग बाहेर ठेवायचा यावर सगळे अवलंबून आहे. मुलाचे डोके साडेतीन-चार किलोंचे. तो पाण्यात उभा राहिला तर बाहेर राहते ती टाळू, नाक पाण्याखाली. तोच उताणा झाला, मान मागे टाकली, कान पाण्यात जाऊ दिले, तर तेवढ्याच पुंजीत नाक आणि तोंड बाहेर राहते. आणि त्याने मदतीसाठी दोन्ही हात वर केले तर? एक हात सुमारे दोन किलोंचा. एका किलोच्या पुंजीवर चार किलोंचा खर्च. ओरडला तर श्वास गेला, म्हणजे होती ती पुंजीही गेली. घाबरल्यावर माणूस जे जे करू पाहतो ते सगळे या हिशेबाच्या विरुद्ध जाते, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

वर्गात दाखवायचे तर अर्ध्या लीटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. थोडी हवा राहील इतके पाणी भरून बूच घट्ट लावावे. ही हवा म्हणजे फुप्फुसे. बाटलीच्या कडेला, मध्यावर, रंगाचा एक ठिपका द्यावा, ते नाक. थोडे खिळे रबराने बाटलीच्या तळाशी बांधून ती बादलीत सोडावी. ती उभी तरंगते, बूच बाहेर, नाक बुडालेले. आता तेच खिळे ठिपक्याच्या विरुद्ध बाजूला लांबीभर बांधावेत. बाटली आडवी होते आणि ठिपका वर येतो. वजन तेच, हवा तीच, पाणी तेच. फरक फक्त निजण्याचा. मुले हा प्रयोग विसरत नाहीत.

याच हिशेबातून मदत कशी करायची तेही निघते. बूच लावलेला पाच लीटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्यात जवळपास पाच किलोंचा आधार देतो, म्हणजे अंगच्या पुंजीच्या पाचपट. तो दोरीला बांधून फेकला तर बुडणाऱ्याचे डोके सहज वर राहते. आपल्या आजोबांच्या पिढीने कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकले ते याच तत्त्वावर. घाटावर अशा दोरी बांधलेल्या दोन कॅनांना खर्च येत नाही. नावेत बसणाऱ्याने लाइफ जॅकेट घालण्याचा हट्ट धरणे हेही या पाठाचेच गृहपाठ आहे.

दुसऱ्याचे बुडणे

सिनेमात बुडणारा ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात तसे सहसा घडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचे चित्रण करून १९७० च्या दशकात दाखवून दिले की पोहता न येणारा माणूस बुडताना बहुधा आवाज करत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होत असते; श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडायला कुठून? हात बाजूला पसरून तो पाणी खाली दाबू पाहतो. हे सारे २० ते ६० सेकंदांत आटोपते. म्हणून शेजारी पोहणाऱ्या मित्रांना वाटते, तो खेळतो आहे. सहलीला मुले नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने एवढे ध्यानात ठेवावे: गप्प झालेले मूल आधी पाहायचे.

दुसरी गोष्ट, एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. बुडणारा जे हाती लागेल त्याला मिठी मारतो. म्हणून बांबू, ओढणी, दोर, कॅन पुढे करायचा. स्वतः पाण्यात जायचे नाही. मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगताना हा शहाणपणाही शौर्यात मोजला पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रथमोपचाराची. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. त्यात जाणारी मिनिटे मेंदूची असतात, आणि पोटातले पाणी उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर हाताने करून शिकावे लागते. शाळेतल्या दोन शिक्षकांनी तरी ते शिकून घ्यावे.

पोटाचा अंदाज

‘जेवून पोहू नये, पेटके येतात’ ही सूचना घरोघरी दिली जाते. गच्च जेवून पोहल्यास मळमळते, जड वाटते, हे खरे. पण जेवणामुळे पेटका येऊन माणूस बुडतो याला आधार सापडलेला नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण उलटी आहे: ती उपाशी पोटी पाण्यात जातात. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट सहज वाहून नेते. मे महिन्यातही विहिरीच्या पाण्यात रोड मूल अर्ध्या तासात कुडकुडू लागते. कुडकुडणारे स्नायू हुकमतीत राहत नाहीत आणि मूल लवकर दमते. ज्याच्या अंगावर चरबी कमी त्याची तरंगण्याची पुंजीही कमी. कुपोषणाचा आणि बुडण्याचा असाही एक धागा आहे.

चाळीस किलोंचा मुलगा तासभर बऱ्यापैकी पोहला तर सुमारे २४० किलोकॅलरी खर्च होतात. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे आणि २० ग्रॅम गूळ यांतून तेवढ्याच मिळतात. शिवाय सातेक ग्रॅम प्रथिने. भाकरी, तुरीचे वरण, फुटाणे, अंडे, ताक यांत पोहणाऱ्या मुलाला लागणारे जवळपास सगळे आहे. डब्यातल्या प्रथिनांच्या भुकट्यांची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत त्या टाळाव्यात असेच म्हटले आहे. पाण्यात असतानाही घाम येतो, तो दिसत नाही एवढेच. म्हणून पोहण्याआधी व नंतर पाणी प्यायला हवे. शालेय पोषण आहारात उच्च प्राथमिकच्या मुलासाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. सुट्टीत हे ताट एरवी समोर येत नाही, आणि मुले पाण्याकडे धावतात ती नेमकी सुट्टीत.

एक खेळ मात्र निक्षून बंद करावा: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज. त्याआधी भराभरा श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्या वाढीमुळे. प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. मग सूचना मिळण्यापूर्वीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही असे गेले आहेत.

‘पाण्यात उतरू नका’

मौद्याच्या त्या बैठकीत एका बाईंनी शेवटी विचारले, ‘पोरगं बुडालं तर चौकशी आमचीच होते. मग आम्ही त्याला पाण्याजवळ नेऊ तरी कसे?’ प्रश्न अगदी रास्त आहे. तो टाळून केलेला उपदेश पोकळ ठरेल.

‘पाण्यात उतरू नका’ हा फलक आवश्यक आहे, अपुरा आहे. धानाच्या तालुक्यात मूल पाण्यापासून दूर ठेवता येत नाही. म्हशी धुवायला, मासे धरायला, नदी ओलांडायला ते जाणारच. पोहणे शिकवले तर धिटाई वाढून मुले जास्त बुडतील अशीही भीती असते. बांगलादेशाने हे तपासून पाहिले आहे. तेथे गावतळ्यांत बांबूचे मचाण बांधून, गावातल्याच प्रशिक्षित तरुणांकडून ४ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला मदत करणे एवढेच शिकवले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांतले बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्या मुलांपेक्षा नव्वद टक्क्यांहून अधिक कमी आढळले. तरणतलाव नव्हता, टाइल्स नव्हत्या. तळे, बांबू आणि शिकलेला माणूस होता. जपानात १९५५ साली शिउन मारू या बोटीच्या अपघातात १६८ जण बुडाले, त्यांत शंभर शाळकरी मुले होती. त्यानंतर तेथे शाळांतून पोहण्याच्या शिक्षणाला जोर आला. आज तेथील मुलांना कपड्यांसह उताणे तरंगून मदतीची वाट पाहायला शिकवतात. ‘तरंगत राहा आणि थांब’ एवढाच त्याचा मंत्र. आपल्या एका किलोच्या हिशेबाचा अर्थ दुसरा काय आहे?

आपल्याकडेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला आहे. तो तालुक्यापर्यंत यायचा तेव्हा येईल. दरम्यान पूर्व विदर्भात पाण्याचे जाणकार आहेतच. बुडालेले शरीर शोधायची वेळ आली की आपण ढीवर-भोई बांधवांना हाक मारतो. ती हाक आधी का मारू नये? कोणत्या डोहात तळ कसा आहे, धार कुठे वळते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? त्यांतल्या एखाद्या ज्येष्ठाला वर्गात बोलवावे, मुलांनी प्रश्न विचारावेत. पाण्यात प्रत्यक्ष शिकवणे हे पालक, ग्रामपंचायत आणि प्रशिक्षित माणूस यांच्या जबाबदारीने, आखून घेतलेल्या उथळ जागी व्हावे. त्याचा भार एकट्या शिक्षकाच्या डोक्यावर टाकणे अन्याय आहे. मुलींना त्यातून वगळू नये. वैनगंगेत गेलेल्या सहा जणी आठवाव्यात. आणि तळ्यात २५ मीटर पोहणारे मूल भादव्यातल्या कन्हानमध्ये सुरक्षित आहे असे कोणी समजू नये, हेही त्याच दिवशी शिकवावे.

पण बाईंच्या प्रश्नाला आजच देता येईल असे उत्तर कोरड्या जमिनीवरचे आहे. वाटीतले नाणे, रेतीचा ढीग, वाहती काडी, खिळ्यांची बाटली, दोरीचा कॅन. यातल्या एकाही प्रयोगासाठी मुलाला पाण्यात उतरावे लागत नाही आणि अभ्यासक्रमाबाहेरही जावे लागत नाही. नुसत्या माहितीने कोणी तरंगत नाही, हे मान्य. तरीही उताणे व्हायचे, हात पाण्यात ठेवायचे, श्वास सांभाळायचा, हे ज्याने बाटलीत डोळ्यांनी पाहिले आहे त्याला घाबरगुंडीच्या क्षणी आठवायला निदान काहीतरी असते. त्या गुरुजींच्या विद्यार्थ्याला तत्त्व पाठ होते. ते तत्त्व त्याच्या स्वतःच्या अंगाला लागू आहे, एवढेच सांगायचे राहून गेले होते.

यंदा ‘बल व दाब’ शिकवताना फळ्यावर ठोकळ्याऐवजी एका मुलाचे वजन लिहून तास सुरू करावा.